चुकलं तं खाली बसायचं

कोराडी, १५ ऑक्टोबर १९७८

चि. कृष्णकांत,

अनेक आशीर्वाद. हे सवयीनं लिहिलं. तू समोर असता तं आधी कान पिळला असता अन् मंग आशीर्वाद दिला असता.

शाळेत दिवसभर शुद्ध मराठी शिकवून जीभ आखडून जाते, पत्रात तरी मले मोकळं लिहू दे. हे राखीचं पत्र नाही, दिवाळीचंही नाही. काम आहे. तुझे स्वेटर पुरे झाले. इथल्या वीज केंद्राच्या राखेत अन् कोळशाच्या धुळीत पांढरा स्वेटर कोण घालते? या वर्षी स्वेटर पाठवू नको. बापूजीसाठी रेडिओचा सेट पाठव. गाणी ऐकायचा नाही, त्यांचं छोटं विमान जमिनीवरून उडवायचा.

आता पत्र बाजूले ठेवू नको, पुढं वाच.

बापूजी अजून तोच सेट वापरून राहिले, तू मॅट्रिकले होता तेव्हा त्यांनी घरी बनवलेला. तेच एक बटण. एकदा दाबलं तं उजवीकडे, दोनदा दाबलं तं डावीकडे, सोडलं का सरळ. शेपटी हलवायले विमानाच्या पोटात तोच रबराचा पिळा. उमरेड रोडवरच्या पडीत वावरात हे निभून जात होतं. तिथं आभाळात होतं काय, घारी अन् पोपट. इथं कॉलनीच्या डोक्यावरून हाय-टेन्शनच्या तारा गेल्या आहेत. बापूजी म्हणतात, तारांची खरखर सेटमध्ये घुसते अन् बटण न दाबता शेपटी हलते. तारघरातून रिटायर झालेला माणूस आहे, खरं म्हणत असेल. मले एवढंच समजते का मागच्या रविवारी टिटवी आपल्या मनानं वळली अन् गणपतरावांच्या स्कूटरवर जाऊन आदळली. टिटवी म्हणजे नवं विमान, तू गेल्यावर बनवलेलं.

गणपतराव आमच्या कॉलनीची देखरेख करतात. किती वर्षं नंबर लावून त्यांले ती स्कूटर मिळाली, सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलं नव्हतं. सीट फाटली. माणूस मोठ्यानं बोलला असता तं बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "बापूजी, तुमच्या वयाचा मान आहे. पण तिथं माझी नात उभी असती तं? भरोशाचा सेट आणा, माझ्यासमोर उडवून दाखवा, मंग खुशाल उडवा. तोवर बंद."

बापूजींनी टिटवी कपाटावर ठेवली, अन् तेव्हापासून घरात कोणाच्याच जिवाले चैन नाही. सेट उघडतात, बंद करतात. बाजेवर बसतात, उठतात, फाटकापर्यंत जातात, वापस येतात. सकाळी उठल्याबरोबर विचारतात, "आज रविवार काय वं?" बुधवार असते. आधी सगळा हप्ता एका रविवारसाठी निघत होता. आता वाट पाहायलेही काही नाही. जेवणावरचं मन उडालं आहे. अर्धी पोळी खातात अन् ताटावरून उठतात. मले भीती वाटते, कृष्णा. हे असंच राहिलं तं ते त्या बाजेवरून उठणारच नाही.

तू काय म्हणशील ते मले पाठ आहे. "सेट डबडा आहे, मी नऊ वर्षांआधीच सांगितलं होतं." अन् बापूजी काय म्हणतील तेही पाठ आहे. "सेट ठीक होता, पोट्ट्याचा हात चुकला." नऊ वर्षं झाली तो बगळा जमिनीत घुसून. दोन वर्षं खपून बनवलेलं विमान होतं, मान्य. तू जर्मनीले जायच्या आठ दिवस आधी पहिल्यांदा तुझ्या हातात सेट दिला होता, तेही मान्य. पण हात का सेट, एवढ्या गोष्टीवरून बाप-लेकानं एकमेकांले एक ओळ लिहू नये? मागं तू मित्राच्या लग्नाले नागपूरले आला अन् धरमपेठेत उतरून तसाच वापस गेला. बापूजी त्या दिवशी सकाळपासून दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. हे मी तुले आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

तं सेट पाठव, पण तुझं नाव त्यावर नको. तू पाठवला हे कळलं तं ते हात लावणार नाही. लावला म्हणजे जुना सेट डबडा होता हे कबूल केल्यासारखं होईल ना. मी सांगीन, तुझ्या भाऊजींच्या मित्रानं मुंबईहून पाठवला. खोटं बोलायचं काम माझ्याकडे. ते मले आता जमते.

तुझी ताई,
सुमती


कोराडी, २१ डिसेंबर १९७८

चि. कृष्णकांत,

सेट मिळाला. तुझा तो ओळखीचा माणूस सुट्टीवर उमरेडले घरी आला, तिथून मी स्वतः घेऊन आली. एस.टी.त डबा मांडीवर. कंडक्टर म्हणे, "बाई, ट्रान्झिस्टर काय?" मी म्हटलं, "हाव." म्हणे, "लावा ना मंग." पूर्ण रस्ता लोक माझ्याकडे रागानं पाहून राहिले होते, का ही बाई गाणी लावत नाही.

बापूजीले मुंबईचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, सेट हातात घेतला, उलटा केला, अन् पहिलं काम काय केलं असेल? मागच्या झाकणाचे स्क्रू काढले. कोरा सेट, चालूही केला नव्हता. मी ओरडली तं म्हणाले, "डाग पाहू दे." सोल्डरचा एकएक डाग भिंग लावून पाहिला. मंग झाकण लावलं अन् म्हणाले, "बरा आहे." तू बी.ई.ले पहिला आला तेव्हाही हेच दोन शब्द म्हणाले होते, तेव्हा समजून घे.

पण नवीन सेट आला म्हणजे सुटलो, असं मले वाटलं होतं. तसं काही झालं नाही. याच्यात बटण नाही, दोन दांड्या आहेत. जितकी दांडी सरकवली तितकीच शेपटी वळते, जराशी तं जराशी. माझ्यासारखीलेही समजलं. पण बापूजीचा अंगठा बटणाचा आहे. ते दांडी सरकवत नाही, ठोकतात. टेबलावर टिटवी आपल्याकडे तोंड करून ठेवली आहे, मोटर तिच्या पाठीवर सुतळीनं तात्पुरती बांधली आहे, अन् तिच्यासमोर खुर्ची टाकून शिकून राहिले. शेपटी फाडकन या टोकाले, फाडकन त्या टोकाले. "कायले इतकं वळते हे?" म्हणून सेटवरच डाफरतात. तुझे भाऊजी जवळ जाऊन म्हणाले, "बापूजी, हळू जी जरा." तं म्हणाले, "मधुकरराव, तुम्ही तुमचं बॉयलर पाहा." तेव्हापासून हे त्या खोलीत जात नाहीत.

अन् पुस्तक? सगळं जर्मनमध्ये. तुले इंग्रजीतलं नाही मिळालं काय? बापूजींनी उलटंपालटं करून पाहिलं अन् विचारलं, "हे कोण वाचून देणार?" माझ्या तोंडून निघून गेलं, धरमपेठेतल्या यमुताईंचे दीर जर्मनचे प्रोफेसर आहेत, ते देतील. यमुताईंचे दीर प्रोफेसर नाही. यमुताईंले दीरच नाही. पण आता आहे, अन् तो तू आहेस.

बापूजींचे प्रश्न त्यांच्या शब्दांत लिहिते. ती शेपटी हलवणारी मोटर (सर्वो म्हणायचं आहे हे त्यांले माहीत आहे, तरी मोटरच म्हणतात) पोटात कुठं बसवायची? वजन वाढलं तं तोल कसा सांभाळायचा? अन् ठोकणाऱ्या अंगठ्याले काही उपाय आहे काय? हा शेवटचा माझा. तू मराठीत लिही, मी माझ्या अक्षरात उतरवून त्यांले वाचून दाखवीन. तुझं अक्षर ते अंधारातही ओळखतील.

लवकर लिही. गणपतराव रोज विचारतात, दाखवता केव्हा. बापूजी म्हणतात, उद्या. हात तं अजून बसलाच नाही.

त्यांची तब्येत ठीक आहे. विचारू नको.

ताई


कोराडी, १४ जानेवारी १९७९

चि. कृष्णकांत,

आज संक्रांत. पाकिटात तिळगूळ घातला असता तं पोस्टातच मुंग्या लागल्या असत्या, म्हणून नुसतं गोड बोल.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. इथं काय तमाशा चालला आहे तुले कल्पना नाही. बापूजी प्रोफेसरशी भांडून राहिले. तू लिहिलं, मोटर पंखाच्या मागं बसवा. म्हणाले, "याले विमानातलं काही समजत नाही, नुसता पुस्तकी आहे." दोन दिवसांनी मोटर पंखाच्या मागंच बसवली. मी पाहून राहिली तं म्हणाले, "जागाच तिथं होती." तू लिहिलं, दांडी अंगठ्यानं ढकलू नका, अंगठा अन् बोटाच्या चिमटीत धरा, मीठ घेतल्यासारखी. तं आता घरभर हवेत चिमूट धरून फिरतात. मी भाजीत मीठ टाकून राहिली होती, मागून म्हणाले, "पाह्य, अशीच." अन् त्या दिवशी दोन पोळ्या मागून खाल्ल्या. हे तुले सांगायसाठीच पत्र लिहायले बसली, बाकी नंतर आठवलं.

मी शाळेतून आली का पहिला प्रश्न, "प्रोफेसरचं आलं काय?" एक डाव तं मी खरंच धरमपेठेले जाऊन संत्र्याची बर्फी घेऊन आली, खरं वाटावं म्हणून. बापूजींनी बर्फी खाल्ली अन् विचारलं, "प्रोफेसरचं वय काय असेल?" मी म्हटलं, असेल तेहतीस-चौतीस. तुझंच सांगून बसली. ते म्हणाले, "वाटलंच मले. लहान वयात इतकी घमेंड असतेच."

आता मुख्य सांगते. तुझ्या दुसऱ्या पत्रात उडवायच्या आधी कसं तपासायचं ते तू लिहिलं होतं. सेटची एरियल आत ढकला. एकानं विमान घेऊन मैदानाच्या त्या टोकाले उभं राहावं. सेटवाल्यानं उजवा हात वर करून दांडी उजवीकडे सरकवावी, मंग डावा हात वर करून डावीकडे. शेपटी बरोबर हलली तं धरणाऱ्यानं उभंच राहावं. चुकलं तं खाली बसावं.

मी गाढवासारखी जसंच्या तसं उतरवलं अन् वाचून दाखवलं. बापूजी ऐकून राहिले होते, चिमूट तशीच हवेत. मंग एकदम थंड आवाजात म्हणाले, "जर्मनीतही खाली बसतात काय वं?"

मी ती ओळ पुन्हा पाहिली. कृष्णा, ती आपल्या घरची रीत आहे. वावरात वारा इतका राहायचा का एका टोकाचं बोलणं दुसऱ्या टोकाले पोचत नव्हतं, म्हणून बापूजींनीच लावलेली. धरणारा तू. शेपटी बरोबर तं उभा. उलटी हलली, हललीच नाही, जराशी फडफडली, तं खाली. तू बसला का बापूजी सेट बंद करून पूर्ण मैदान चालत तुझ्यापर्यंत यायचे, पाहणारे लोक कितीही कंटाळले तरी. दुनियेत दुसरं कोणी असं करत नसेल. तुले लिहितानी सुचलं नाही, मले उतरवतानी सुचलं नाही. इतकी ती अंगात भिनली आहे.

अन् बगळा पडला त्या दिवशी तू सेटवर होता अन् बापूजी धरणारे होते. ते उभे राहिले. म्हणून तं त्यांचं म्हणणं, "मी उभा होतो, म्हणजे सेट ठीक होता." अन् तुझं म्हणणं, "उभे होते तं मंग विमानानं माझं ऐकलं काहून नाही?" मी हे दोन्ही इतक्या वेळा ऐकलं आहे का झोपेत म्हणून दाखवीन.

मी काहीतरी सारवासारव केली, का मीच प्रोफेसरांले सांगितलं असेल. बापूजी म्हणाले, "असेल." अन् पुढं वाच म्हणाले. त्यांले कळलं आहे, नक्की कळलं आहे. तीन दिवस झाले, मी रोज वाट पाहून राहिली का आता सेट उचलून बाहेर फेकतील. फेकत नाही. काल टिटवीची शेपटी नवीन घासून रंगवली. तू काही म्हणू नको, प्रोफेसरच राहा.

अन् एक लपवलं होतं ते सांगून टाकते. दिवाळीत बापूजी न्हाणीत घसरले. हाड मोडलं नाही, पण गुडघे गेले. चालतात कसेतरी. खाली मांडी घालून बसणं बंद झालं, जेवायलेही टेबलच लागते. तू घाबरशील म्हणून लिहिलं नव्हतं. घाबरशील असं मले वाटत होतं, हेही तुले कळू दे.

ताई


कोराडी, १८ फेब्रुवारी १९७९

चि. कृष्णकांत,

आज झालं. घाईत लिहून राहिली, अक्षर समजून घे.

गणपतराव ठिगळ लावलेल्या सीटवर बसून आले. अर्धी कॉलनी जमली. तुझे भाऊजी रात्रपाळी करून तसेच मैदानात. बापूजी सेट घेऊन या टोकाले, अन् मी टिटवी घेऊन त्या टोकाले, कारण मैदान ओलांडायचं बापूजीच्या गुडघ्याचं काम नाही अन् यांच्या हातात विमान द्यायले बापूजी तयार नाही. मी आयुष्यात कधी विमान धरलं नव्हतं. तुम्ही मले कधी धरू दिलं होतं काय?

बापूजींनी उजवा हात वर केला. शेपटी डावीकडे गेली.

मी पाहतच राहिली. त्यांनी डावा हात वर केला. शेपटी उजवीकडे. गणपतराव घड्याळ पाहून राहिले होते. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. तुले खरं सांगते, मले वाटलं, उभीच राहते. मले काय समजते, माझंच डावं-उजवं चुकलं असेल. इतके महिने माणूस या सकाळसाठी तडफडला, अन् मी बसली तं गणपतराव म्हणतील, घ्या, नवा सेटही तसाच. अन् मंग कायमचं बंद. हे सगळं डोक्यात एका वेळी. मंग बसली. नव्या पातळासकट राखेत बसली.

बापूजींनी सेट बंद केला अन् चालायले लागले. किती वेळ लागला असेल देव जाणे. मध्येच थांबायचे, गुडघा दाबायचे, पुन्हा चालायचे. कोणी हसलं नाही. जवळ आले, शेपटी पाहिली, मोटर पाहिली, अन् कपाळावर हात मारला. दोन महिने टिटवीच्या समोर बसून शिकले ना. तिचं तोंड बापूजीकडे. त्यांची उजवी ती तिची डावी. टेबलावरून बरोबर दिसावं म्हणून तार मोटरच्या उलट्या बाजूले अडकवून बसले होते. बटणाच्या सेटले हे कधी करावं लागलं नव्हतं, तो आपल्या हातानं बनवलेला होता.

खिशातून पक्कड काढली, तार दुसऱ्या बाजूले लावली. गणपतराव जवळ आले तं त्यांले म्हणाले, "सेटची चूक नाही जी. माझी. ही बसली म्हणून वाचलं, नाही तं पहिल्याच वळणाले गेली असती." अन् ते गेल्यावर मले म्हणाले, "इतक्या लोकांत बसली वं तू." मले वाटलं कौतुक करून राहिले. पण तोंड तसं नव्हतं.

दुसऱ्यांदा मी उभी राहिली. मंग उडवलं. मी काय सांगू तुले, ठोकलं नाही एकदाही. चिमटीत धरून असं वळवलं का मले तेव्हा समजलं तुम्ही दोघं रविवारी घरी काहून थांबत नव्हते. उतरवलंही नीट, धूळ उडाली तेवढीच. गणपतराव म्हणाले, "उडवा जी आता. मी फक्त स्कूटर घरी ठेवून येत जाईन."

मले वाटलं आता तरी चैन पडेल. घरी आले, चहा घेतला नाही, बाजेवर बसले नाही. म्हणाले, "कागद घे. प्रोफेसरले लिही." अन् सांगितलं. मी एक शब्द बदलला नाही:

"एका मुलानं एकदा पहिल्यांदाच विमान उडवलं. एका बटणाचा सेट. डावीकडे वळवायले आपण दोनदा दाबलं असं तो म्हणतो. विमान उजवीकडेच वळत गेलं अन् गोल फिरत जमिनीत घुसलं. प्रोफेसर साहेबांच्या मते चूक हाताची का सेटची? खरं लिहावं."

कृष्णा, तू काय लिहावं मले माहीत नाही. सेटची लिहिलं तं त्यांले लागेल. हाताची लिहिलं तं तुले लागेल. नऊ वर्षं तुमच्या दोघांच्या मधात उभी राहून मी थकली. मले निकाल नको, मले माझा भाऊ पाहिजे. पण त्यांनी विचारलं आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा तुले काही विचारलं आहे. उत्तर दे.

ताई


कोराडी, १८ मार्च १९७९

कृष्णा,

काहून असं लिहिलं तू?

"चूक हाताची होती. मुलाले अनुभव नव्हता. सेट चांगला होता." मी उतरवतानी रडली. अन् खरं सांगते, मनात म्हटलं, चला, सुटलो. बापूजीले नऊ वर्षं जे पाहिजे होतं तेच मिळालं. आता म्हणतील, पाह्य, मी म्हणत होतो ना, अन् मोठ्या मनानं तुले माफ करतील, अन् तू येशील.

वाचून दाखवलं. म्हणाले, "पुन्हा वाच." वाचलं. म्हणाले, "खोटं आहे."

मी म्हटलं, "प्रोफेसर कायले खोटं लिहितील?"

"बंद कर तुझा प्रोफेसर. यमुच्या नवऱ्याले भाऊ नाही हे मले तिच्या लग्नापासून माहीत आहे. मी जेवलो त्या लग्नात."

मंग बराच वेळ सेट पुसत बसले. पुसायसारखं त्यावर काही नव्हतं. अन् माझ्याकडे न पाहता बोलायले लागले. ते जसं बोलले तसं लिहिते.

"फडफडली होती शेपटी. बगळा माझ्या हातात होता. पोट्ट्यानं एकदा दाबलं, बरोबर उजवीकडे गेली. दोनदा दाबलं, तं उजवीकडेच अडकली, फडफडली, अन् मंग डावीकडे गेली. मले दिसलं."

मी म्हटलं, "मंग बसले काहून नाही जी?"

"लोक पाहून राहिले होते. अन् पोट्टं त्या टोकाले सेट धरून उभं, सगळे दात काढून. आठ दिवसांनी जाणार होतं. मी बसलो असतो तं सेट उघडावा लागला असता, त्या दिवशी काही झाला नसता. न उडवताच गेलं असतं ते. मले वाटलं, एक डाव फडफडली तं काय होते."

"अन् पडल्यावर?"

"पडल्यावर तो चार लोकांत म्हणाला, डबडा. माझ्या तोंडून निघालं, हात. एक डाव निघालं, मंग वापस कसं घ्यायचं ते मले समजलं नाही."

मले दया यायले पाहिजे होती. मले राग आला, इतका राग आला का हातातलं भांडं आपटलं. नऊ वर्षं. तुझं लग्न झालं तिकडे, आम्ही फोटो पाहिला. मी म्हटलं, "मी अनाडी बाई, मी बसली ना त्या दिवशी राखेत?" म्हणाले, "तू बसली तेव्हापासूनच मले झोप नाही वं." अन् भिंतीकडे तोंड करून झोपले. मी जेवायले वाढलं नाही. मंग वाढलं. जेवले नाही.

हे तुले कळव असं ते म्हणाले नाही. मी माझ्या मनानं लिहून राहिली. तुझा हात चुकला नव्हता. तू खोटं लिहून त्यांले सोडवायले गेला, त्यांनी ते घेतलं नाही. आता पुढं काय करायचं ते तुझं तू पाहा. मले कोणाच्या अक्षरात काही उतरवायचं नाही.

ताई


कोराडी, ८ एप्रिल १९७९

चि. कृष्णकांत,

तुझं पत्र आलं, पाकिटावर बापूजींचं नाव, तुझ्या अक्षरात. मी उघडलं नाही. ते घेऊन अंगणात गेले. वाचलं, घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवलं. सदरा धुवायले टाकतात तेव्हा पत्र नव्या सदऱ्यात जाते. काय लिहिलं ते दोघंही मले सांगू नका. एवढंच म्हणाले, "मे महिन्यात येतो म्हणते. बायकोले घेऊन." मी म्हटलं, मे महिन्यात नागपूरले येते कोणी? म्हणाले, "सकाळी लवकर उडवू. उन्हाच्या आधी."

मंग म्हणाले, "तो उडवेल. मी धरीन."

मी म्हटलं, "गुडघे?" ते सदऱ्याचा खिसा चाचपत आत गेले.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटून राहिली होती तं अंगणातून धप्प आवाज आला. धावत गेली. बापूजी जमिनीवर, एक हात बाजेच्या पायाले. मले वाटलं पडले. म्हटलं, "काय झालं जी?" म्हणाले, "काही नाही. बसून पाहिलं."

तेव्हापासून रोज चालू आहे. मी चिडली, हे चिडले, डॉक्टरांचं नाव सांगून भीती घातली. म्हणाले, "डॉक्टरले विमान धरायचं नाही." बाजेचा पाय पकडतात, डोळे मिटतात, तोंड वाकडं होते, अन् बसतात. पहिल्या दिवशी अर्ध्यातूनच आडवे झाले होते. आज कोणाले न धरता बसले, अन् बसल्या बसल्या माझ्याकडे असं पाहिलं का मी चिडायचंच विसरली.

बसणं जमून राहिलं आहे. उठणं जमत नाही. रोज मी एका बाजूनं अन् तुझे भाऊजी दुसऱ्या बाजूनं धरून उठवतो. मैदानात त्यांच्याजवळ आम्ही दोघं नसू, आम्हाले त्यांनी आताच सांगून ठेवलं आहे का पाहायचं असेल तं दूर उभे राहा. तेव्हा शेपटी फडफडली अन् ते बसले, तं सेट बंद कर अन् पूर्ण मैदान ओलांडून ये. उठवायले तुलेच यावं लागेल.

ताई